मुंबईत परिषदेला जाताय? आधी लाइन ठरवा, मग खोली

लातूर, नांदेड, जळगाव, चंद्रपूर, सावंतवाडी अशा ठिकाणांहून दरवर्षी कितीतरी लोक परिषद, अधिवेशन किंवा प्रदर्शनासाठी मुंबईत येतात. त्यात तालुक्याला दवाखाना चालवणारे डॉक्टर असतात, महाविद्यालयातले प्राध्यापक असतात, कृषी सेवा केंद्रवाले असतात, नुकताच उद्योग सुरू केलेली तरुण मुलं-मुली असतात. नोंदणीचे पैसे भरलेले असतात, महिनाभर आधी रजा टाकलेली असते. आणि मग ज्या व्याख्यानासाठी एवढं केलं, ते चालू असताना माणूस रिक्षात अडकलेला असतो. हे टाळता येतं. त्यासाठी मुंबई पाठ असण्याची गरज नाही, फक्त ठरवण्याचा क्रम बदलावा लागतो. बहुतेक जण आधी स्वस्त खोली शोधतात आणि मग परिषदेला कसं जायचं ते पाहतात. मुंबईत हे उलट करावं लागतं.

पहिलं काम: ठिकाणाचा पत्ता नीट वाचा

पत्रिकेवर नुसतं ‘मुंबई’ लिहिलेलं असलं, तरी त्याचा अर्थ कफ परेडपासून गोरेगावपर्यंत काहीही होऊ शकतो. मोठे कार्यक्रम साधारण ठरलेल्या जागी होतात. वांद्रे-कुर्ला संकुल, म्हणजे बीकेसी, इथे जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर आणि एमएमआरडीएची मैदानं आहेत. गोरेगाव पूर्वेला बॉम्बे एक्झिबिशन सेंटर आहे. त्याला सगळे ‘नेस्को’ म्हणतात आणि रिक्षावाल्यालाही तेच नाव लवकर कळतं. दक्षिणेला कफ परेडचं वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि नरिमन पॉइंटचं यशवंतराव चव्हाण सेंटर. पवईला आयआयटी. आणि वाशीचं सिडको एक्झिबिशन सेंटर तर नवी मुंबईत, खाडीपलीकडे.

पत्त्यात ‘पूर्व’ की ‘पश्चिम’ ते आवर्जून पाहा. मुंबईत रेल्वेचे रूळ उपनगराचे दोन भाग करतात. अंधेरी पूर्वेच्या माणसाला पश्चिमेला जायचं म्हणजे पूल किंवा सबवे गाठावा लागतो, आणि गर्दीच्या वेळी गाडीने त्यात सहज अर्धा तास जातो. स्टेशनातून चुकीच्या बाजूला बाहेर पडलात, तर रिक्षा करण्याआधी पुलावरून परत फिरा.

नावांचे सापळेही लक्षात ठेवा. ‘मुंबई सेंट्रल’ हे स्टेशन मध्य रेल्वेवर नाही, पश्चिम रेल्वेवर आहे. वांद्रे टर्मिनस आणि वांद्रे लोकल स्टेशन वेगळं. कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस आणि कुर्ला लोकल स्टेशनही वेगळं. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव रेल्वे टर्मिनसलाही आहे आणि विमानतळालाही. म्हणून टॅक्सीवाल्याला ‘सीएसएमटी’ किंवा ‘टी-टू’ असं स्पष्ट सांगा. विमानाने येणाऱ्यांनी आता आणखी एक गोष्ट तपासावी: डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं उडू लागली आहेत. तिकीट सहारचं, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळाचं, आहे की नवी मुंबईचं, यावर पुढचं सगळं नियोजन अवलंबून असतं.

दुसरं काम: त्या ठिकाणाची लाइन शोधा

मुंबईकर पत्ता सांगताना आधी लाइन सांगतो: वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर. वेस्टर्न चर्चगेटहून विरार-डहाणूकडे जाते. सेंट्रल सीएसएमटीहून ठाणे-कल्याणमार्गे कसारा आणि कर्जत-खोपोलीकडे. हार्बर सीएसएमटीहून वाशी-पनवेलकडे जाते आणि तिचा एक फाटा वडाळ्याहून वळून वांदऱ्यामार्गे गोरेगावला. ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी ट्रान्सहार्बर चौथी. वेस्टर्न आणि सेंट्रल बदलायची तर दादर हे मुख्य ठिकाण.

यात मेट्रोची भर पडली आणि बाहेरगावच्या माणसाचं काम खरोखर सोपं झालं. मेट्रो 1 वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर अशी आडवी धावते आणि वेस्टर्नला सेंट्रलशी जोडते. मेट्रो 2ए आणि 7 अंधेरी ते दहिसर. आणि ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण सुरू झालेली भुयारी मेट्रो 3, म्हणजे अॅक्वा लाइन: आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर. बीकेसी, दोन्ही जुनी विमानतळ टर्मिनल, दादर, वरळी, सीएसएमटी, चर्चगेट, विधान भवन, कफ परेड ही सगळी स्थानकं हिच्यावर येतात. भाडं 10 ते 70 रुपये. परिषदेसाठी येणाऱ्याला माझा पहिला सल्ला हाच: ठिकाण या लाइनवर असेल, तर खोलीही हिच्यावरच घ्या.

तिसरं काम: खोली

इथे घाई करू नका. निम्मी परिषद खोलीवर अवलंबून असते.

*बीकेसीत कार्यक्रम असेल तर* बीकेसीतच राहायचा हट्ट नको. तिथली हॉटेलं मोठ्या कंपन्यांच्या खर्चासाठी आहेत. अंधेरी पूर्वेला मरोळ, चकाला, एमआयडीसी या भागात विमानतळामुळे मध्यम दराची भरपूर हॉटेलं आहेत. मरोळ नाक्याला मेट्रो 1 आणि 3 मिळतात. तिथून सरळ बीकेसी. दुसरा पर्याय दादर. दादर मेट्रोपासून शितलादेवी, धारावी आणि मग बीकेसी, एवढंच अंतर. मात्र दादरचं मेट्रो स्थानक रेल्वे स्टेशनला लागून नाही, पश्चिमेला थोडं चालावं लागतं. बॅग जड असेल तर ते लक्षात ठेवा. तिसरा पर्याय सीएसएमटी-फोर्ट परिसरातले जुने लॉज. खोल्या लहान, जिने उंच, पण मेट्रो 3 आणि सीएसएमटी स्टेशन दोन्ही पायाशी.

*नेस्कोसाठी* गोरेगाव, जोगेश्वरी किंवा अंधेरी. नेस्कोला सगळ्यात जवळचं लोकल स्टेशन राम मंदिर, 2016 मध्ये सुरू झालेलं. तिथे फास्ट लोकल थांबत नाही, म्हणून स्लो किंवा गोरेगावची हार्बर लोकल पकडा. मेट्रो 7 चं गोरेगाव पूर्व स्थानकही महामार्गावरच, नेस्कोपासून जवळ आहे.

*दक्षिण मुंबईत* कार्यक्रम असेल तर फोर्ट, सीएसएमटी, मुंबई सेंट्रल परिसर पाहा. *पवईला* आयआयटीत असेल तर आधी आयोजकांना विचारा. शैक्षणिक परिषदांमध्ये अतिथिगृहाची किंवा वसतिगृहाची सोय असू शकते, पण ती मागणाऱ्यालाच मिळते. तिथलं लोकल स्टेशन कांजूरमार्ग. *वाशीला* असेल तर मुंबईत शिरूच नका. वाशी, तुर्भे, सानपाड्यात राहा. नाशिक-खानदेशाकडून येणाऱ्यांनी ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बर धरावी, कोकणातून येणाऱ्यांनी पनवेलला उतरावं.

आता नातेवाइकांबद्दल, कारण हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक घरात येतो. काका डोंबिवलीला, मावशी विरारला, मित्र बदलापूरला. ‘हॉटेलात कशाला, आमच्याकडे ये’ असं ते मनापासून म्हणतात आणि नाही म्हणणं जड जातं. तरीही परिषदेच्या दिवसांत तिथे राहू नका. सकाळी आठची डोंबिवली फास्ट रोजच्या माणसालाही झगडून पकडावी लागते. नव्या माणसाने लॅपटॉपची बॅग घेऊन त्यात चढणं धोक्याचं आहे. शिवाय त्यांच्या घरात सकाळचं पाणी, आंघोळीचे नंबर, मुलांच्या शाळा, डबे हे सगळं मिनिटामिनिटावर बांधलेलं असतं. परिषद संपल्यावर एक दिवस जास्तीचा काढा आणि त्या दिवशी निवांत जा. त्यांनाही ते जास्त आवडेल. नातेवाईक त्याच लाइनवर, पाच-सहा स्टेशनांच्या आत राहत असतील, तर गोष्ट वेगळी.

आमदार निवासाचा भरवसाही धरू नका. मंत्रालयाच्या किंवा दवाखान्याच्या कामासाठी मतदारसंघातली माणसं तिथे उतरतात खरी, पण अधिवेशनाच्या काळात जागा मिळणं कठीण, आणि परिषदेची तयारी करायला निवांतपणा नसतो. गोव्याच्या मंडळींसाठी धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत गावोगावचे कूड, म्हणजे एकेका गावच्या लोकांनी चालवलेली राहण्याची जागा, आहेत. आपल्या गावाचा कूड असेल आणि सभासदांची ओळख असेल, तर तो स्वस्त आसरा आजही उपयोगी पडतो.

खोली पक्की करण्याआधी फोन करून काही गोष्टी विचाराच. पहिली, दर करासकट आहे का? सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीला 5 टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या खोलीला 18 टक्के. दुसरी, खोली किती वाजता मिळेल? सिद्धेश्वर, महालक्ष्मी, लातूर, विदर्भ, कोकणकन्या या सगळ्या रात्रभर चालून सकाळी मुंबईत येतात, आणि हॉटेलं मात्र दुपारी बारा किंवा दोनला खोली देतात. काही लॉजमध्ये आल्यापासून चोवीस तासांचा हिशेब असतो. रात्रीच्या गाडीने येणाऱ्याला ते चांगलं. तिसरी, तुमच्या नावाची पावती मिळेल का? संस्थेकडून खर्च परत मिळवायचा असेल, तर जीएसटी क्रमांकाची पावती लागते. चौथी, लिफ्ट आहे का आणि गरम पाणी कधी येतं?

एकट्या बाईने खोली घेताना अलीकडची परीक्षणं वाचावीत, त्यातही बायकांनी लिहिलेली. स्टेशन किंवा मेट्रोपासून रस्ता रात्री वाहता असतो का, हे फोनवर सरळ विचारावं. गल्लीतल्या स्वस्त खोलीपेक्षा मुख्य रस्त्यावरची थोडी महाग खोली घ्यावी. इथे पैसे वाचवू नयेत असं मला अगदी ठामपणे वाटतं. ओळखपत्र म्हणून आधारची आकडे झाकलेली प्रत द्या, ती चालते.

सकाळी सहाला उतरून दहाला कार्यक्रम असेल आणि खोली मिळणार नसेल, तर रेल्वेची विश्रांतीगृहं आहेत. सीएसएमटी, मुंबई सेंट्रल अशा मोठ्या स्थानकांवरची खोली आयआरसीटीसीवर पीएनआर टाकून आधीच घेता येते. मुंबई सेंट्रलला 2021 पासून पॉड हॉटेलही आहे: झोपण्यापुरती कप्प्यासारखी जागा, आंघोळीची सोय, सामान ठेवायला लॉकर. एका माणसाला तेवढं पुरतं. सामान ठेवायचं असेल तर मोठ्या स्थानकांवर क्लोक रूम असते. बॅगेला कुलूप हवं आणि प्रवासाचं तिकीट जवळ हवं.

येताना

रेल्वेने येणाऱ्यांनी सीएसएमटीपर्यंतच जायचं असं काही नाही. बहुतेक गाड्या कल्याण, ठाणे, दादरला थांबतात. अंधेरी-गोरेगावला राहणाऱ्यांनी दादरला उतरून वेस्टर्न घ्यावी. दादरला 2023 च्या शेवटी फलाटांचे आकडे बदलले, आता दोन्ही रेल्वेंचे मिळून सलग 1 ते 14 आहेत. जुन्या आठवणीवर जाऊ नका, पाटी वाचा.

एसटीने येत असाल तर महिलांना सगळ्या गाड्यांत निम्मं तिकीट आहे आणि 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत. पुणे-दादर शिवनेरीसुद्धा त्यात येते. खासगी ट्रॅव्हल्सवाले पहाटे वाशी, चेंबूर, सायन, बोरिवली असे थांबे घेतात. तुमच्या खोलीची लाइन कुठली ते पाहून आधीच क्लीनरला थांबा सांगून ठेवा. स्वतःच्या गाडीने यायचा विचार शक्यतो सोडा. ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल नाही हे खरं, पण पार्किंगचा त्रास त्याहून मोठा आहे.

लोकलमध्ये चढण्याआधी

सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ या वेळा गर्दीच्या. सकाळचा लोंढा दक्षिणेकडे, संध्याकाळचा उलटा. म्हणून दादरला राहून सकाळी गोरेगावला जाणं, गोरेगावला राहून सकाळी चर्चगेटला जाण्यापेक्षा सोपं असतं. खोली ठरवताना हेही मोजा.

इंडिकेटरवर गाडीचं शेवटचं स्टेशन, वेळ, स्लो की फास्ट आणि डबे 12 की 15 हे दिसतं. फास्ट म्हणजे सगळीकडे थांबत नाही. तिकीट मोबाइलवर काढता येतं, पण फुकट्या प्रवाशांना तपासनीस दिसल्यावर ते काढता येऊ नये म्हणून ॲपमध्येच बंधन घातलेलं आहे, फलाटावर उभं राहून ते निघत नाही. स्टेशनात शिरण्याआधीच काढा. डब्यावरची पाटी वाचूनच चढा. फर्स्ट क्लास, एसी लोकल, लेडीज, दिव्यांगांचा डबा हे सगळे वेगळे. सेकंड क्लासचं तिकीट घेऊन चुकून फर्स्ट क्लासमध्ये शिरलात तर भाड्याच्या फरकावर किमान 250 रुपये दंड बसतो, आणि ‘नवीन आहे’ म्हटल्याने तो सुटत नाही.

पाठीवरची बॅग चढतानाच पुढे घ्या. उतरायच्या एक-दोन स्टेशनं आधी दाराकडे सरका आणि पुढच्याला विचारा, ‘दादर उतरणार का?’ तो हो म्हणाला की त्याच्या मागे उभे राहा. फलाट कुठल्या बाजूला येणार तेही विचारा. मुंबईचा प्रवासी कितीही घाईत असला तरी हे सांगतो. वांद्रे, अंधेरीला जायला संध्याकाळी विरार फास्ट धरू नका. ती गाडी लांबच्या माणसांनी खच्चून भरलेली असते आणि मधेच उतरणाऱ्याला दारापर्यंत पोचता येत नाही. गर्दी फार वाटली तर गाडी सोडा, पुढची काही मिनिटांत येते. दारात लटकू नका, रूळ ओलांडू नका. रात्री उशिरा बायकांनी पोलीस असलेला लेडीज डबा पाहून बसावं; अडचण आली तर 139.

रविवारी निघत असाल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉकच्या वेळा वाचा. दुरुस्तीसाठी दिवसा काही तास एखाद्या लाइनवर गाड्या कमी होतात किंवा वळवतात. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत लोकल बंद असते, मेट्रो तर रात्री साडेदहानंतर आटोपती घेते. समारोपाचं जेवण लांबणार असेल तर हे लक्षात असू द्या. भुयारी मेट्रोत मोबाइलचं नेटवर्क कधी कधी दगा देतं. क्यूआर तिकीट जिना उतरण्याआधी काढून ठेवा.

रिक्षा, टॅक्सी, बस

वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा नाही, तिथे काळी-पिवळी टॅक्सीच. दोन्ही मीटरवर चालतात. फेब्रुवारी 2025 पासून पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचे 26 आणि टॅक्सीचे 31 रुपये. मध्यरात्री ते पहाटे पाच सव्वापट. भाडं ठरवून बसायची आपल्याकडची सवय इथे सोडा, ‘मीटर टाका’ एवढंच म्हणा. वांद्रे पूर्व आणि कुर्ला पश्चिमेहून बीकेसीला शेअर रिक्षा मिळतात. बेस्टची बस तर अजूनही सगळ्यात स्वस्त, किमान 10 रुपये, एसीला 12.

परिषदेचे दिवस

पहिल्या दिवशी एक तास आधी पोचा. मोठ्या ठिकाणी दारापासून सभागृहापर्यंत चालणं, तपासणी, ओळखपत्राची रांग यांतच बराच वेळ जातो. सभागृहात एसी कडक असतो, उन्हाळ्यातसुद्धा एक शाल किंवा पातळ जॅकेट ठेवा. पायात रोजची, रुळलेली चप्पल किंवा बूट हवेत, नवे कोरे नकोत.

बीकेसीत खाणं महाग पडतं. सकाळी पोटभर नाश्ता करून निघा. दादरला राहत असाल तर शिवसेना भवनाजवळचं ‘आस्वाद’ आहे; मिसळ, थालीपीठ, साबुदाणा वडा, आणि शेजारी बसलेला माणूसही बहुधा कुठल्या तरी कामाला निघालेला.

बीकेसीत संध्याकाळी सहाला सभागृह सुटलं की ॲपवरच्या टॅक्सीचे दर चढतात आणि रस्ते तुंबतात. अशा वेळी मेट्रोपर्यंत चालत जा, किंवा तासभर थांबून ओळखी वाढवा. खरं तर परिषदेतली कामाची बोलणी त्याच तासात होतात.

पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, सकाळी निघण्याआधी भरतीची वेळ आणि पावसाचा इशारा पाहा. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाणी समुद्रात जात नाही. हिंदमाता, किंग्ज सर्कल, अंधेरी सबवे तुंबतात आणि कुर्ला-सायनच्या रुळांवर पाणी आलं की सेंट्रल आणि हार्बर थांबते. अशा दिवशी फोन पूर्ण चार्ज, पॉवर बँक, बिस्किटांचा पुडा, औषधं जवळ. लोकल मधेच थांबली तरी रुळांवर उडी मारू नका. आणि परिषदेच्या आदल्या रात्री पोहोचायचं, त्याच दिवशी सकाळी नाही, हा नियम पावसाळ्यात तरी मोडू नका.

परत निघताना

तिकिटावरचं स्थानक पुन्हा वाचा: सीएसएमटी, दादर, लोकमान्य टिळक टर्मिनस, वांद्रे टर्मिनस की पनवेल. रात्रीच्या गाड्यांना निघण्याची वेळ आणि ऑफिस सुटण्याची वेळ नेमकी एक येते, म्हणून सामानासकट लोकलने जायचं असेल तर साडेपाचच्या आत हला, नाहीतर टॅक्सीला दोन तास धरा. खोली दुपारीच सोडावी लागली, तर सामान हॉटेलच्या काउंटरवर ठेवून संध्याकाळी नेता येतं का, ते सकाळीच विचारून घ्या. ठाणे किंवा कल्याणला बसणं सोयीचं असेल तर बोर्डिंग स्थानक चार्ट लागण्याआधी आयआरसीटीसीवर बदला. न बदलता मधून चढलात तर तुमची जागा दुसऱ्याला दिली जाऊ शकते.